पाच वर्षांची हमी

मंगळवार, ४ मार्च

काल लिहिलेलं एक वाक्य खरं नाही. पान फाडत नाही, इथेच दुरुस्त करते. मी लिहिलं होतं की गेल्या वर्षी खुर्ची घ्यायला आलेल्या काकूंना वॉरंटी देताना मी एवढंच म्हणाले, "प्लॅन चांगला आहे." हे लिहितानाच पेन अडखळलं होतं, तरी मी पुढे गेले. मी तेवढंच म्हणाले नव्हते. काकूंनी तेव्हा विचारलं होतं, "घेऊ का गं? खुर्चीला कुणी कधी विमा काढतं का?" आणि मी म्हणाले होते, "काकू, काही बिघडलं तर तपासायला माझे बाबा येतात. ते खोटं बोलत नाहीत." त्यावर त्यांनी पर्स उघडली.

म्हणजे त्यांनी प्लॅन घेतला तो माझ्या शब्दावर, आणि मी शब्द दिला तो बाबांच्या जिवावर. हे लिहून ठेवणं भाग आहे, कारण काल काकू तक्रार घेऊन आल्या.

कधीतरी ही वही मीच परत वाचेन तेव्हा गोंधळ नको, म्हणून नीट लिहिते. आमच्या दुकानातल्या फर्निचरला कारखान्याची हमी एक वर्षाची. त्यापुढची चार वर्षं हवी असतील तर वेगळे पैसे भरून एक्स्टेंडेड वॉरंटी घ्यायची. ती विकायच्या टेबलावर मी दोन वर्षांपासून बसते. बाबा मागच्या वर्कशॉपमध्ये सोफ्याचे कारागीर आहेत, तीस वर्षं झाली. तक्रार आली की तेच गिऱ्हाइकाच्या घरी जाऊन बघतात, परत येऊन साहेबांना तोंडी सांगतात, साहेब फॉर्म भरतात आणि खाली बाबा सही करतात. बाबांना लिहितावाचता येत नाही. सही येते. ती मी शिकवली.

काकूंची खुर्ची मागे कलणारी आहे. काकांसाठी घेतली होती. काकांचं हृदय अधू आहे, आडवं झोपलं की श्वास कोंडतो, म्हणून ते बसूनच झोपतात. चौदा महिन्यांत बैठक खाली गेली. काकू म्हणाल्या, ते घसरत पुढे येतात, मग मी आणि उशा मिळून त्यांना वर ओढतो. उशांना त्यांनी माणसांत धरलं होतं, मला हसू आलं आणि लगेच लाज वाटली.

तक्रारीच्या फॉर्मवर शेवटचा रकाना "इतर माहिती" असा आहे. तो रिकामा सोडला तरी चालतं. मी भरला. लिहिलं: "रुग्णाला आडवं होता येत नाही. दिवसरात्र याच खुर्चीत असतात. कृपया तातडीने पाहावे." अक्षर चांगलं काढलं.

बुधवार, ५ मार्च

बाबा आज काकूंकडे जाऊन आले. जेवताना सांगत होते. खुर्ची उलटी केली तर खालचे पट्टे एका बाजूने सगळे सुटलेले. पिना आखूड मारल्यात, म्हणाले, लाकडात शिरल्याच नाहीत, नुसत्या टेकल्या होत्या. सरळ सरळ कारखान्याची चूक. अर्ध्या तासाचं काम.

काकांबद्दल जास्त बोलले. काका भिंतीला टेकून पलंगावर बसले होते आणि खुर्चीची तपासणी डॉक्टरकडे बायकोला आणल्यासारख्या काळजीने बघत होते. बाबांना म्हणाले, "कारागीर, मी हिच्यात इतका बसलोय की आता माझ्यावरच कव्हर शिवायचं राहिलंय." बाबा हे सांगताना हसले. मग ताटातली पोळी तशीच ठेवून हात धुवायला उठले.

आईने विचारलं, का उठलात. म्हणाले, पोट भरलं.

जाता जाता मला विचारलं, तुझं नोकरीत कायम झाल्याचं पत्र कधी मिळणार. एक एप्रिलला, मी सांगितलं. हे त्यांनी या महिन्यात तिसऱ्यांदा विचारलं. साहेब त्यांना म्हणाले आहेत, "तुमच्या मुलीचं मी बघतोय." घराण्यात पहिली टेबल-खुर्चीची नोकरी. बाबांना किती अप्रूप आहे.

शनिवार, ८ मार्च

काकूंचा फोन आला. नामंजूर.

त्यांनी कागद मला वाचून दाखवला. "वस्तूचा वापर घरगुती सामान्य वापराच्या पलीकडे, दिवसरात्र सतत झाल्याने झीज. योजनेत समाविष्ट नाही."

दिवसरात्र. हा शब्द माझा आहे.

काकू म्हणाल्या, "पण दिवसरात्र बसतात हे यांना सांगितलं कुणी?" त्यांच्या आवाजात राग नव्हता, नुसतं आश्चर्य होतं. मी म्हणाले, बघते काकू. मी सांगितलं नाही की मी लिहिलं.

साहेबांकडे गेले. म्हटलं, बाबांनी तर पिनांचा दोष सांगितला होता. साहेबांनी चष्मा काढला, पुसला. दुकानात मला ते तळटीप म्हणतात, कारण गिऱ्हाइकांना मी कार्डाखालची बारीक अक्षरंही वाचून दाखवते. "तळटीप," ते म्हणाले, "तूच लिहून दिलंस ना? आम्ही काही शोधायला गेलो नव्हतो." मग फार प्रेमाने म्हणाले, तीन आठवडे उरलेत तुझं पत्र यायला, डोकं शांत ठेव.

संध्याकाळी बाबांना विचारलं, काकूंच्या फॉर्मवर काय झालं. ते जुन्या गादीची शिवण उसवत होते. म्हणाले, "साहेबांनी भरला." आणि दोरा ओढत राहिले.

त्यांना माहीत नाही. आपण कशावर सही केली ते त्यांना माहीतच नाही. कसं सांगू?

मंगळवार, ११ मार्च

फायलींचा कारकून दहा दिवस रजेवर गेला, त्याचं काम माझ्याकडे आलं. वॉरंटीचं कपाट पहिल्यांदाच उघडलं. महिनाअखेरीला वॉरंटीचा प्लॅन देणाऱ्या कंपनीच्या बाई येऊन त्या महिन्याचे फॉर्म तपासतात आणि शिक्का मारतात, एवढंच मला माहीत होतं.

दोन वर्षांचे बेचाळीस फॉर्म आहेत. तेवीस मंजूर, एकोणीस नामंजूर. दुपारच्या जेवणाच्या सुट्टीत मी फक्त नामंजूर वाचले. डबा उघडला नाही.

बाबा जेवताना कामाच्या गोष्टी सांगतात, त्यामुळे मला त्यातले बरेच सोफे न बघता ओळखीचे आहेत. चौकड्यांच्या कापडाचा सोफा: बाबा म्हणाले होते, लाकूड ओलं वापरलंय, म्हणून सांधा उकलला. फॉर्मवर: "जड वस्तू आदळल्याने." शिक्षिकेचा सोफा: बाबा म्हणाले होते, शिवणीचा दोरा कच्चा. फॉर्मवर: "पाळीव प्राण्याने ओरबाडल्याने." त्या बाईंकडे प्राणी नाही. बाबा तेव्हा म्हणाले होते, घरात एकटीच राहते बिचारी, एखादी मांजर तरी पाळावी.

एकोणिसांपैकी अकरा मला पक्के आठवतात. अकराही उलटे.

प्रत्येकाखाली बाबांची सही.

मी चौथीत असताना ती सही शिकवली. आधी बाबा अंगठा द्यायचे. शाळेच्या फॉर्मवर त्यांच्या अंगठ्याची शाई माझ्या नावावर पसरली होती, आणि मी घरी येऊन रडले होते, हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. मग कापडावर आखायचा खडू घेऊन प्लायवूडच्या तुकड्यावर मी त्यांना एकेक अक्षर गिरवायला लावलं. आधी नाव, मग आडनाव. चुकलं की ते ओल्या फडक्याने पुसायचे आणि "गुरुजी, परत" म्हणायचे. महिनाभर लागला. पहिल्यांदा पगाराच्या वहीत सही केली त्या दिवशी त्यांनी मला सायकलवरून पूर्ण रस्ताभर फिरवलं होतं. आता त्या सहीने एकोणीस घरांना नाही म्हटलं आहे.

एक बारीक गोष्ट नोंदवून ठेवते. मंजूर फॉर्मवर बाबांची पूर्ण सही आहे, नाव आणि आडनाव. या एकोणिसांवर नुसतं नाव. साहेब घाईत सह्या घेत असणार, नाहीतर बाबांचा हात दुखत असेल. मानेपासून हात दुखतो असं ते हल्ली म्हणतात. डॉक्टरकडे न्यायला हवं.

शुक्रवार, १४ मार्च

आज एक जोडपं आलं. लग्नाला महिना झालेला, जेवणाचं टेबल घेत होते. तिने मला थेट विचारलं, "ताई, खरं सांगा, वॉरंटी घेण्यासारखी असते का?"

मी कार्ड उलटं केलं आणि सगळं वाचून दाखवलं. डाग पडला तर भरपाई आहे, पण एकाच वेळी, एकाच ठिकाणी, आणि सात दिवसांत कळवला तर. रोज थोडा थोडा पडलेला डाग चालत नाही. फाटलं तर आहे, विरलं तर नाही. सांधा उकलला तर आहे, वापराने ढिला झाला तर नाही. तो म्हणाला, "म्हणजे टेबल वापरायचं नाही, आणि मग एके दिवशी एकदम मोडायचं." दोघं खूप हसले. वॉरंटी न घेता गेले, टेबलही उद्या बघतो म्हणाले.

साहेब मागेच उभे होते. म्हणाले, तळटीप, तू दुकान चालवतेस की कोर्ट?

मला स्वतःलाही उत्तर माहीत नाही. घ्यावी का? चांगली वस्तू पाच वर्षं अशीच टिकते, आणि वाईट वस्तूच्या वेळी कागदावर काय लिहिलं जाईल ते लिहिणाऱ्यावर आहे. मग माणसं विकत काय घेतात? मला वाटतं, उद्या काही बिघडलं तर आपण कुणाला तरी विचारू शकू, एवढंच. त्या कुणाच्यातरी जागी मी बसते.

बाबा लहानपणी मला शिकवायचे: दुकानात सोफ्याचा पुढचा एक पाय वीतभर उचलायचा. दुसरा पुढचा पायही लगेच उचलला गेला तर सांगाडा घट्ट. तो जमिनीलाच राहिला तर लाकूड पिळतंय, उठून घरी यायचं. याला पैसे पडत नाहीत. हे मी गिऱ्हाइकांना सांगू शकत नाही.

रविवार, १६ मार्च

आई आज भाजी निवडताना म्हणाली, बाबा हल्ली रस्त्याने चालताना दुकानांच्या पाट्या वाचतात. ओठ हलवत, एकेक अक्षर लावत. परवा औषधाच्या डब्यावरची तारीख तिला वाचून दाखवली आणि डबा फेकून दिला, मुदत संपली म्हणून. "कधी शिकले कोण जाणे," आई म्हणाली, "तुला नको सांगू म्हणाले. तू तपासायला बसशील."

किती दिवसांनी बरं वाटलं. लहान मुलासारखे चोरून शिकताहेत. मी काही कळल्याचं दाखवणार नाही.

काकूंना फोन करायचं चार दिवस टाळते आहे. आज केला. काका पलंगावर बसून असतात, पाठीमागे लोखंडी पेटी आणि पेटीवर उशा. कालपासून पायाला सूज आहे. मी विचारलं, बाहेरच्या कुणाकडून दुरुस्त करून घेता का. काकू म्हणाल्या, ते म्हणतात थांब, कारागीर म्हणाला होता अर्ध्या तासाचं काम आहे, तो येईल. "भला माणूस वाटला गं त्यांना."

मी सांगायला हवं होतं की "दिवसरात्र" मी लिहिलं. तोंडापर्यंत आलं. मग त्यांनी विचारलं, तू जेवलीस का, आणि राहून गेलं.

गुरुवार, २० मार्च

दुकान बंद. बाबा सकाळीच पिशवी घेऊन बाहेर पडले. पिशवीत काय ते मी बघितलं, बघायला नको होतं: घरी उरलेला पट्ट्याचा गुंडाळा, हातोडी, पिना मारायचं यंत्र, दाभण. दुपारी दोनला आले. अंगठ्याला पीन लागलेली, रक्त सुकलेलं. विचारलं तर म्हणाले, एकाची खुर्ची होती.

नोकरीच्या करारात स्पष्ट लिहिलं आहे की दुकानाच्या गिऱ्हाइकांचं खाजगी काम करायचं नाही. तो करार मीच त्यांना वाचून दाखवला होता. म्हणून मी बोलले. थोडं जास्तच बोलले. म्हणाले, बाबा, पकडले गेलात तर तीस वर्षांचं नाव जाईल. ते अंगठा पाण्याखाली धरून उभे होते. बराच वेळ त्यांनी नळ बंद केला नाही. मग म्हणाले, "नाव म्हणतेस होय."

आई मला आत घेऊन गेली आणि म्हणाली, बापाशी असं बोलतात का, शाळा शिकलीस ती यासाठी का.

आई बरोबर आहे. पण नियमही बरोबर आहे. मला दोन्ही कळतं आणि त्याने माझं काहीच हलकं होत नाही.

मंगळवार, २५ मार्च

काका गेले. रविवारी सकाळी.

काकू आज दुकानात आल्या. मी त्यांना बघून उभी राहिले आणि पुढे काय करायचं ते सुचेना, म्हणून खुर्ची पुढे केली. त्या बसल्या. वॉरंटीचं कार्ड प्लास्टिकच्या पाकिटात होतं तसंच काढून टेबलावर ठेवलं. म्हणाल्या, हे परत घेतात का, घरात नको वाटतं.

डॉक्टर म्हणाले होते, वेळ आलीच होती, खुर्चीचा काही संबंध नाही. हे त्यांनी मला दोनदा सांगितलं. कदाचित माझा चेहरा तसा दिसत असेल.

मग म्हणाल्या, "तुझ्या बाबांना सांग, शेवटचे तीन दिवस झोप लागली त्यांना. गुरुवारी तुझे बाबा येऊन करून गेले. चहासुद्धा घेतला नाही. हे म्हणाले, बघ, म्हटलं होतं ना मी, येईल."

मी त्यांना सांगितलं. तो शब्द मी लिहिला होता, तुमचं काम लवकर व्हावं म्हणून लिहिला होता, आणि त्याच शब्दावर नाही म्हटलं गेलं. मला वाटलं काकू आता रागावतील. त्यांनी माझ्या हातावर हात ठेवला आणि म्हणाल्या, "खरंच लिहिलं होतंस की. बसायचेच ते दिवसरात्र."

त्या रागावल्या असत्या तर मी हे पान आजच लिहून पूर्ण करू शकले असते.

बुधवार, २६ मार्च

कालचं पुढे. आता मला गुरुवारचा उलगडा झाला. बाबांना वाटलं असणार की काकूंचा क्लेम मंजूर झाला. त्यांनी दोष सांगितला होता, साहेबांनी फॉर्म भरला, सही घेतली. मग काम करायला जायचं, इतकं सरळ. आणि मी त्यांना करारातलं कलम ऐकवलं.

सुट्टीच्या दिवशी का गेले आणि घरचे पट्टे का नेले, हे मात्र नीट बसत नाही. वर्कशॉपमध्ये माल आला नसेल.

काकूंचं कार्ड माझ्या खणात आहे. मुदत संपायला तीन वर्षं दहा महिने आहेत.

शुक्रवार, २८ मार्च

ठरवलं. सोमवारी प्लॅन कंपनीच्या बाई येतील. त्यांच्यासमोर एकोणीस फॉर्म ठेवायचे आणि एक पत्र द्यायचं. पत्राचा कच्चा मसुदा आज दुपारी केला. त्यात लिहिलं आहे की तपासणाऱ्या कारागिराने तोंडी सांगितलेलं आणि फॉर्मवर लिहिलेलं यात फरक आहे, मला आठवतात ती अकरा प्रकरणं अमुक अमुक, बाकी आठ पुन्हा तपासावीत. काकूंच्या फॉर्मवरचा शब्द माझा आहे. आणि एक वाक्य: "कारागिराला वाचता येत नसल्याने आपण कशावर सही करत आहोत हे त्यांना माहीत नव्हते."

या वाक्यावर सगळं उभं आहे. ते नसेल तर साहेब सरळ म्हणतील, सही यांची, आम्ही काय जाणतो.

एक एप्रिलला माझं कायम झाल्याचं पत्र मिळणार. दोन दिवस थांबून, पत्र हातात पडल्यावर सांगितलं तर मला काढणं अवघड होईल. हा विचार मी केला, म्हणून लिहिते. पण मग त्यात माझी सोय येईल. आधीच सांगायला हवं. उद्या बाबांना सांगणार. त्यांना किती मोठा धक्का बसेल. ज्या माणसाने आयुष्यात कुणाचा वीतभर पट्टा चोरला नाही.

रविवार, ३० मार्च

काल संध्याकाळी सांगितलं. आई शेजारी गेली होती. बाबा खाली बसले होते, मी त्यांच्यासमोर बसले आणि घरी आणलेल्या फॉर्मच्या नकला एकेक करून वाचल्या. फॉर्म बाहेर नेऊ नयेत असा नियम आहे. नकला मी हाताने केल्या होत्या, तरी तेही चूकच असेल.

बाबांनी एकाही शब्दाचा अर्थ विचारला नाही. विजेचं बिल वाचून दाखवलं तरी ते चार ठिकाणी थांबवतात, काल एकदाही थांबवलं नाही. चौथा फॉर्म संपल्यावर खाली बघत म्हणाले, "पुढचा त्या लाल सोफ्याचा असेल." तोच होता. फॉर्म मी तारखेप्रमाणे लावले होते. इतक्या वर्षांची कामं त्यांना क्रमाने आठवतात, याचं मला त्याही वेळी कौतुक वाटलं.

एकोणीस झाल्यावर मी म्हणाले, बाबा, तुमचा यात काही दोष नाही, तुम्हाला फसवलं. मी त्यांचा हात धरला. हात गार होता. इतका धक्का बसेल हे मला माहीत होतं.

मग म्हणाले, "एक तारखेनंतर दिलंस तर?"

मला वाईट वाटलं. रागही आला. माझ्या बाबांच्या तोंडून हा प्रश्न येईल असं वाटलं नव्हतं. मी म्हणाले, नाही, तसं मी करणार नाही, तुम्हीच मला असं शिकवलंय. त्यावर त्यांनी तोंड भिंतीकडे वळवलं.

मग मला पत्र वाचायला सांगितलं. मी सावकाश वाचलं. कारागिराला वाचता येत नसल्याने, इथपर्यंत आले आणि त्यांनी हात वर केला.

"ते काढ."

मी समजावलं. म्हणाले, बाबा, त्यात लाज कसली, उलट त्याच वाक्यामुळे तुम्ही वाचता. ते नसेल तर सगळं तुमच्यावर येईल, काम जाईल, आणि लोक म्हणतील की याने जाणूनबुजून केलं.

"म्हणू देत. वाचता येत नाही असं लिहू नकोस."

"पण बाबा, ते खरं आहे."

ते माझ्याकडे बघत राहिले. मी शाळेतून पहिला नंबर घेऊन आले होते तेव्हा बघितलं होतं, तसं. मग डोळे पुसले, उठले, चप्पल घातली आणि म्हणाले, "तू लिही काय लिहायचं ते. सोमवारी मी तुझ्याबरोबर येतो. त्या बाईंशी मीच बोलतो." आणि चौकापर्यंत जाऊन येतो म्हणून गेले. परत आले तेव्हा आई आली होती, तिच्यासमोर विषय निघाला नाही. जेवताना त्यांनी तिला सांगितलं की सोमवारी डब्यात दोन पोळ्या कमी दे.

त्यांना लाज वाटते आहे. निरक्षर हा शब्द कंपनीच्या कागदावर कायमचा राहील, ही ती लाज. माझ्याच हट्टाने ते सही शिकले, आता मीच कागदावर त्यांना अडाणी ठरवणार. मला हे कळायला हवं होतं.

आज सकाळी मी पत्राच्या दोन प्रती केल्या. एकीत ते वाक्य आहे, एकीत नाही. दुपारी ते वाक्य असलेली प्रत वाचली तेव्हा ती खरी वाटली. संध्याकाळी दुसरी वाचली, तीही खरी वाटली, आणि असं का व्हावं ते मला सांगता येत नाही. दोन वर्षं लोकांना बारीक अक्षरं वाचून दाखवते, आणि माझ्याच कागदातल्या एका ओळीत काय आहे ते मला दिसत नाही.

कोणती प्रत द्यायची हे मी ठरवणार नाही. बाबा आधी बोलणार आहेत. त्यांचं बोलणं पूर्ण ऐकून घेईन, मध्ये एक शब्दही बोलणार नाही, आणि मग त्या बोलण्याशी जुळेल ती प्रत टेबलावर ठेवीन. दोन्ही प्रती पिशवीत ठेवल्या आहेत.

उद्या, सोमवार, ३१ मार्च. सकाळी सव्वादहा वाजता बाई येतील.